‘पोट्टी मुकी झाली का जी?’ : चार वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण

पोळा होऊन आठवडा झाला असेल. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या अंगणवाडीत मी मासिक भेटीसाठी गेले असताना, धाकट्या नातवाचे वजन करून घ्यायला आलेली एक आजी वजनकाट्याजवळच थांबून राहिली आणि बाकीच्या बाया निघून गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, “म्याडम, आमची मोठी पोट्टी शाळेत तोंडच उघडत नाई म्हणते तिची टीचर. घरी त लय बोलते. पोट्टी मुकी झाली का जी?”

मुलगी तेव्हा चार वर्षे चार महिन्यांची होती. मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून काम करते आणि अशा तक्रारी माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात. मात्र या मुलीच्या प्रकरणात माझी स्वतःचीही एक चूक झाली आणि ती सुधारताना मला बरेच शिकता आले. म्हणून कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असा तपशील वगळून ते येथे सविस्तर मांडत आहे.

घर आणि तक्रार

घरात आजी-आजोबा, आई-वडील, ही मुलगी आणि तिचा आठ महिन्यांचा भाऊ अशी सहा माणसे. पाच एकर कोरडवाहू काळी जमीन, त्यात कपाशी, कपाशीत तुरीचे तास (ओळी) आणि एका तुकड्यात सोयाबीन. आई घरच्या वावरातले काम आटोपून दुसऱ्यांकडे निंदणाला जाते आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की सकाळी आठला निघालेली ती संध्याकाळी सहाशिवाय परतत नाही. दोन्ही मुलांचा दिवस आजीच्या हाती असतो. वडील दहावीपर्यंत शिकलेले आहेत. गावात अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा दोन्ही असताना त्यांनी तुरीच्या पैशातून फी भरून मुलीला तालुक्याच्या गावी एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले होते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हापासून ही मुलगी सव्वासातच्या गाडीत बसून चौदा किलोमीटर जात होती आणि दुपारी दीडला परतत होती.

शाळेच्या डायरीत तीन शेरे होते. मुलगी वर्गात बोलत नाही, पेन्सिल मुठीत धरते आणि अक्षरे काढत नाही. घरचे म्हणणे वेगळे होते. सकाळी तिचे पोट दुखते, गाडीचा हॉर्न ऐकला की ती आजीच्या लुगड्यात तोंड लपवते आणि तिसऱ्या वर्षापासून कोरडे राहणारे अंथरूण जुलैपासून पुन्हा ओले होऊ लागले आहे. वडील रोज जेवणानंतर तिचा हात आपल्या हातात धरून एबीसीडी आणि एक ते पन्नास आकडे गिरवून घेत, मुलगी रडू लागली की आईचा हात उठे, आणि मग शांत करण्यासाठी मोबाइलवर इंग्रजी बालगीते लावली जात. दिवसभरात ती दोन तासांहून जास्त वेळ मोबाइल पाहत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एका जागी बसून पडद्यासमोर घालवलेला वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले.

माझी चूक

त्याच संध्याकाळी मी घरी गेले, डायरी वाचली आणि वडिलांना सांगून टाकले की एवढ्या लहान मुलीला लिहायला लावणे चुकीचे आहे, तिला त्या शाळेतून काढावे आणि अंगणवाडीत पाठवावे. मी जे बोलले ते शास्त्राला धरून होते. शिक्षण हक्क कायद्यातील सक्तीचे शिक्षण सहाव्या वर्षापासून सुरू होते, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ हा पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. वडिलांनी सगळे ऐकून घेतले, चहा दिला, आणि त्यानंतर दोन आठवडे मी गेले की ते वावरात गेलेले असत.

दोष त्यांचा नव्हता. फी भरणे ही त्या माणसाची मुलीवरील माया होती. “माह्यावाणी ढोरामागं नको फिराले लागले तिले,” हे त्यांचे वाक्य मी ऐकले होते, पण त्याचे वजन ओळखले नव्हते. त्यांच्याच ओसरीत, त्यांच्या आईवडिलांसमोर, त्यांचा निर्णय मी चुकीचा ठरवला होता. त्याहून गंभीर गोष्ट अशी की मी मुलीला नीट पाहिलेच नव्हते. डायरीतील तीन शेऱ्यांवरून शाळेने तिला अप्रगत ठरवले, तर त्याच तीन शेऱ्यांवरून मी शाळेला दोषी ठरवले. मुलगी स्वतः काय करू शकते, हे दोघांपैकी कोणीच पाहिले नव्हते.

दोन सकाळी अंगणात

म्हणून एक रविवार आणि एक सुटीचा दिवस अशा दोन सकाळी मी आजीपाशी जाऊन बसले. मुलीला काही विचारायचे नाही, फक्त पाहायचे आणि वहीत टिपायचे, असे मी ठरवले होते.

पहिल्या अर्ध्या तासातच मुकेपणाचा प्रश्न निकालात निघाला. शेजारची शेळी रात्री व्यायली होती आणि ती हकिकत मुलीने आजीला क्रमाने सांगितली. शेळी कशी ओरडत होती, पहिले पिल्लू कसे काळे निघाले, दुसरे उभे राहताना कसे पडले, आणि ‘मंग त्याची माय त्याले चाटत बसली’. घटनांचा क्रम होता, कारण होते, दुसऱ्याचे बोलणे त्याच्या आवाजात सांगणे होते. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसालाही बहुतांशी समजावे अशी अपेक्षा असते आणि मला तिचा शब्द न् शब्द समजत होता. तान्ह्या पोळ्याला आपला लाकडी बैल ओढत तिने घरोघरी मोठ्याने बोजारा (त्या दिवशीचा खाऊ-पैसे) मागितला होता, हेही आजीने सांगितले.

मग आजी वाती वळायला बसली. मुलीने कापसातली सरकी चिमटीने वेगळी केली, कापूस पिंजला आणि तळहातावर घोळवून वात केली. वात आजीच्या वातीपेक्षा जाड होती, पण टोकाला निमुळती होती. ज्या बोटांना पेन्सिल धरता येत नाही असा शेरा होता, ती बोटे हे काम करत होती, आणि ‘हात कच्चा आहे’ हा माझा अंदाज तेथेच ढासळला.

मग अडचण नेमकी कोठे होती? मी काडीने मातीत गोल काढला आणि काडी तिच्यापुढे ठेवली, तर तिने गोल काढला. अधिकचे चिन्ह काढले, तर तेही तिने काढले. चौकोनाचे तीन कोपरे जमले. त्रिकोण मात्र जमेना, कारण तिरपी रेघ येत नव्हती आणि प्रत्येक वेळी ती उभीच होत होती. हा क्रम वयाला धरूनच आहे. मुले साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण पाहून काढू लागतात, कारण तिरप्या रेघेसाठी डोळा आणि हात यांचा जो मेळ लागतो तो उशिरा बसतो. इंग्रजी वर्णमालेचे पहिलेच अक्षर दोन तिरप्या रेघांचे आहे. आपल्या ‘अ’ आणि ‘क’ ची वळणेही या वयाला सोपी नाहीत. म्हणजे तिला रोज संध्याकाळी नेमके तेच काढायला लावले जात होते जे तिच्या वयाला अजून यायचे होते, आणि जे येत होते ते कोणी विचारत नव्हते. मुठीत पेन्सिल धरण्याबद्दलही काळजीचे कारण नव्हते. तीन बोटांची पकड बहुतेक मुलांमध्ये चार ते सहा वर्षांच्या दरम्यान स्थिर होते.

आकड्यांचेही तसेच होते. शाळेत शिकवलेले आकडे ती आजीपुढे वीसपर्यंत इंग्रजीत घडाघडा म्हणून गेली, पण मी पाच चिंचोके मागितले तर तिने मूठभर दिले. मात्र जेवणाच्या वेळी तिने पाच ताटल्या मांडल्या आणि प्रत्येकीवर एकेक भाकर ठेवली, एकही कमी-जास्त नाही. एकास एक जुळवणे तिला येत होते. मोजताना म्हटलेला शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, ही समज यायची होती, आणि तीही याच वयात हळूहळू येते.

माझ्या वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र यातली नाही. ती पाण्याच्या बाटलीची आहे. दुसऱ्या सकाळी आईशी बोलताना कळले की शाळेतून बाटली रोज भरलेलीच परत येते आणि मुलगी गाडीतून उतरताच दप्तर टाकून घरामागे धावते. मी मुलीला विचारले, “शाळेत लघवीला नाही जात?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग आजीच्या कानात म्हणाली, “थे मले म्हणता येत नाई.”

वर्गात बाहेर जायचे तर एक पूर्ण इंग्रजी वाक्य म्हणावे लागत होते. ते तिला म्हणता येत नव्हते, आणि घरचा शब्द वर्गात चालत नाही एवढे तिला कळले होते. म्हणून ती पाणी पीत नव्हती आणि सकाळी सव्वासातपासून दुपारी दीडपर्यंत लघवी रोखून धरत होती. पोटदुखी, हॉर्नची भीती, ओले अंथरूण यांचे मूळ येथे होते. आजीने नजर काढली होती, वडिलांनी आळस म्हटले होते आणि मी अभ्यासाचा ताण म्हटले होते.

आधी डॉक्टर

पाच वर्षांच्या आत अंथरूण ओले होणे हे वैद्यकीयदृष्ट्या आजार समजले जात नाही, पण अनेक महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले तर ते ‘वाईट सवय’ म्हणून सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, क्वचित मधुमेह अशी कारणे तपासून घ्यावी लागतात. ग्रामीण रुग्णालयात लघवी तपासली तेव्हा संसर्ग निघाला आणि डॉक्टरांच्या औषधाने तो बरा झाला. मागच्या पावसाळ्यात मुलीचा कान वाहिला होता आणि आजीने त्यात कोमट तेल घातले होते, म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून चिठ्ठी घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तिचे ऐकणेही तपासून घेतले. ते व्यवस्थित होते. हे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनाही त्याचा लाभ मिळतो, पण खासगी शाळेत मूल घातले की अंगणवाडीशी आपला संबंध संपला असे पुष्कळ पालक समजतात. कानात तेल घालू नये, हे आजीने मान्य केले, जरी तिला ते मनापासून पटले असे मला वाटले नाही.

नवी भाषा कानावर पडू लागली की काही मुले काही आठवडे, कधी काही महिने, त्या भाषेच्या ठिकाणी गप्प राहतात, ऐकतात, साठवतात. हे गप्प राहणे आणि सवयीच्या भाषेतही घराबाहेर मुळीच न बोलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी स्थिती रुळण्याचा पहिला महिना उलटल्यावरही तशीच राहिली तर तज्ज्ञाला दाखवावे. ही मुलगी गावभर वऱ्हाडीत बोलत होती, त्यामुळे आम्ही वाट पाहायचे ठरवले.

शाळेतील भेट

या वेळी मी वडिलांना शाळा सोडायला सांगितले नाही. बाटलीची गोष्ट त्यांना आजीने सांगितली आणि ते दुसऱ्याच दिवशी स्वतः शाळेत गेले. वर्गशिक्षिका वयाने लहान, एका वर्गात चाळीसच्या आसपास मुले, आणि मुलगी लघवीला जात नाही हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. ऐकून तिला वाईट वाटले. वाक्य म्हणण्याऐवजी करंगळी दाखवली तरी चालेल, असे तिने सगळ्या वर्गाला सांगितले आणि मधल्या सुटीत सर्वांना एकदा घेऊन जायला सुरुवात केली. या बदलाला एक पैसाही लागला नाही. आठवडाभरात बाटली अर्धी रिकामी येऊ लागली.

घरी काय बदलले

घरासाठी सल्ला देताना मी एक बंधन स्वतःवर घालून घेतले. वेचणीच्या हंगामात या घरात कोणाकडेही वेगळा असा अर्धा तास नसतो, म्हणून ‘मुलीसाठी वेळ काढा’ असे सांगायचे नाही. जे काम होतेच आहे त्यातच मुलीला घ्यायचे. बोर्डीला 1945 मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने वापरली आणि शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आमच्या अंगणवाड्यांचे मूळ तिथे आहे आणि या घराचे अंगण तर साधनांनी भरलेले होते.

गिरवणे थांबले. त्याची जागा एका चाकाने घेतली. वडील बैलबंडी जुंपताना मुलगी चाकाशी खेळत असे, तेव्हा मी त्यांना सुचवले की तिचा हात धरण्याऐवजी तुम्ही मातीत चाक काढा आणि काडी तिच्याकडे द्या. चाक म्हणजे गोल आणि त्यात अधिकचे चिन्ह, दोन्ही तिला येणारे. पहिल्या दिवशी तिने सात चाके काढली. वडील मला म्हणाले, “रडली नाई जी.” वेचणीच्या दिवसांत ते रात्री कापूस मोजताना तिला काट्याजवळ उभी करू लागले. कोणते गाठोडे जड, कोणते हलके हे आधी तिने उचलून सांगायचे आणि मग काट्यावर पाहायचे.

आईने स्वयंपाकात मोजणी घेतली. भाकरी टोपल्यात टाकताना मोठ्याने मोजायच्या आणि शेवटी विचारायचे, ‘सगळ्या मिळून किती?’ पहिले तीन आठवडे मुलगी उत्तरादाखल पुन्हा एकपासून मोजू लागे. आईने तिला चूक म्हटले नाही, फक्त शेवटचा आकडा स्वतः पुन्हा म्हटला.

आजीचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसल्या आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली गाणी म्हणून शेवटी झाकलेली खिरापत ओळखू लागल्या. गोड की तिखट, कुरकुरीत की मऊ, तळलेले की भाजलेले, असे विचारत विचारत नावापर्यंत पोहोचायचे. भाषा शिकवण्याचा याहून चांगला खेळ मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळालेला नाही, कारण त्यात मुलाला गुणविशेषांचे शब्द वापरावे लागतात, प्रश्न तयार करावा लागतो आणि आधीचे उत्तर ध्यानात ठेवून पुढचा प्रश्न विचारावा लागतो. भुलाबाई उठल्यावरही आजीने टोपलीखाली काहीतरी झाकून हा खेळ चालू ठेवला. मोबाइलचा वेळ यामुळे आपोआप घटला. तो पूर्ण बंद झाला नाही, कारण धाकटा रडू लागला आणि आजीला चूल सोडता येत नसेल तेव्हा दुसरा उपाय तिच्याकडे नव्हता. ते मी मान्य केले.

भेदर की टोमॅटो

एक प्रसंग मात्र आमच्याच घरातला, म्हणजे अंगणवाडीतला आहे. एका शनिवारी मुलगी आजीबरोबर तिथे आली. भिंतीवरच्या तक्त्यातील चित्रांवर बोट ठेवून सेविका विचारत होती. टोमॅटोचे चित्र आले तेव्हा मुलगी म्हणाली, “भेदर.” सेविका म्हणाली, “भेदर नाही, टोमॅटो म्हण.” पुढे बटाट्याला ती ‘आलू’ म्हणाली, तेही दुरुस्त झाले. कोथिंबिरीच्या चित्राशी ती गप्प राहिली, कारण तिला माहीत असलेला ‘सांबार’ हा शब्दही चुकीचाच ठरणार, हे तिने एव्हाना ताडले होते.

इंग्रजी शाळेने मुलीला गप्प केले असे मी महिनाभर म्हणत होते, आणि माझ्याच देखरेखीखालच्या मराठी अंगणवाडीत पाच मिनिटांत ती तशीच गप्प झाली. तिचे तिन्ही शब्द बरोबर होते. ती सेविका स्वतः घरी भेदरच म्हणते. ‘हो, भेदर. याला टोमॅटोही म्हणतात,’ एवढेच म्हटले असते तर मुलीला नवा शब्द मिळाला असता आणि जुनाही राहिला असता. घरी हाच नियम लावला. वडिलांनी वहीतील प्रत्येक इंग्रजी शब्दाला आधी घरचा शब्द विचारायचा आणि मग शाळेचा जोडायचा.

मार्चपर्यंत

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सकाळची पोटदुखी थांबली. अंथरूण डिसेंबरपर्यंत अधूनमधून ओले होत राहिले, थंडीत थोडे वाढलेही, पण त्यावर मार पडला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस वर्गात तिने पहिला शब्द उच्चारला, शेजारच्या मुलीचे खोडरबर परत मागताना, आणि तो वऱ्हाडी होता. शिक्षिकेने तिला टोकले नाही. जानेवारीत ती बालगीत सर्वांबरोबर म्हणू लागली. भाकरींचा ‘सगळ्या मिळून किती’ हा प्रश्न त्याच महिन्यात सुटला आणि मग ती दिसेल ते मोजत सुटली. फेब्रुवारीत एके दिवशी तिने मातीतल्या चाकात अधिकच्या चिन्हाशिवाय आणखी दोन आरे काढले, आणि ते तिरपे होते. वडिलांनी त्याचा फोटो मला पाठवला.

सगळे जुळून आले असे नाही. पुढच्या वर्गात शंभर इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे पाठ करायची आहेत, असे शाळेने कळवले आहे आणि वडील पुन्हा अस्वस्थ आहेत. शाळा बदलावी की नाही यावर त्यांनी माझे मत विचारले तेव्हा मी सांगितले की मला गावातली शाळा बरी वाटते, सहावे वर्ष पूर्ण होईपर्यंत लिहिण्याची घाई नको असेही वाटते, पण ठरवायचे तुम्ही दोघांनी आहे. त्यांनी अजून ठरवलेले नाही.

अंगणवाडीतील तक्त्यांवर आता प्रत्येक चित्राखाली दुसरा शब्द लिहिण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. बटाट्याखाली आलू, शेंगदाण्याखाली फल्ली, शेताखाली वावर. वऱ्हाडी शब्द सेविकांनी एका दुपारीत लिहून काढले. कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) आणि गोंड वस्तीवर मात्र तक्त्याखालची जागा बऱ्याच चित्रांपुरती रिकामी आहे, कारण कोलामी आणि गोंडी शब्द आमच्यापैकी फारच थोड्या जणींना येतात. तेथे मुलांना सोडायला येणाऱ्या आज्यांना तक्त्यापुढे बसवून सेविका एकेक चित्र दाखवत विचारत आहेत.